मल्हार : देवाचं नाव की पावसाचं?

कोरेगावहून :
भाचीच्या मुलाचं नाव मल्हार ठेवायचं ठरलंय. बारशाच्या पत्रिकेत नावाचा अर्थ छापायचा आहे. जावई म्हणतात, 'पावसाचा राग' असं लिहू. आमच्या आईला ते बिलकूल पटत नाही, तिच्या लेखी हे खंडोबाचं नाव. खरा अर्थ कोणता? आणि मल्हार लिहावं की मल्हारी?

कराडहून :
आईंच्या बाजूने माझं मत. आपल्या भागात हे नाव मुलांना पडलं ते देवावरूनच. संस्कृत रूप मल्लारि, म्हणजे मल्ल अधिक अरि, मल्लाचा शत्रू. मुराचा शत्रू मुरारी, त्रिपुराचा त्रिपुरारी, तशीच ही घडण. मणी आणि मल्ल या दैत्यांशी खंडोबा लढला, त्याची आठवण म्हणून मार्गशीर्षात सहा दिवस षड्रात्र बसतं आणि चंपाषष्ठीला वांग्याचं भरीत नि रोडग्याच्या नैवेद्याने उठतं. लोककथा अशी की हरलेल्या मल्लाने देवाजवळ मागितलं, 'तुझ्या नावाआधी माझं नाव येऊ दे.' मला ही कथा फार मोलाची वाटते. ज्याला मारलं, त्याचंच नाव देव कायम पुढे लावतो.

मल्हारी हे रूप मूळाला जास्त जवळचं, त्यातली शेवटची 'ई' म्हणजे 'अरि'मधलीच. पौषात आमच्या पालला खंडोबा-म्हाळसेचं लग्न लागतं, तारळीचा काठ भंडाऱ्याने पिवळाधमक होतो. त्या गर्दीत 'ओ मल्हारी' अशी हाक मारून बघा, दोन-चार पागोटी तरी मागे वळतील. पण म्हणून मल्हार हे आजचं फॅशनचं रूप समजू नका. नीरेकाठच्या होळ गावचे मल्हारराव होळकर सगळ्यांना माहीत असतात. साताऱ्याच्या दरबारातले बखरकार मल्हार रामराव चिटणीस मात्र साताऱ्यातच कुणाला चटकन आठवत नाहीत. धनगराच्या घरी आणि चिटणिसाच्या घरी एकच नाव.

फलटणहून :
मल्लारि शब्दात 'ह' नाही. मग मल्हारमध्ये तो आला कुठून?

कराडहून :
उल्लासचा उल्हास झाला तसाच. मराठी तोंडाला 'ल्ल'चा 'ल्ह' करायची सवय आहे. उच्चार करताना 'मल-हार' असा तोडू नका, ल आणि ह एका दमात येतात.

मिरजेहून :
आमच्या गावात तंबोरे-सतारी बनतात, तेव्हा रागाच्या बाजूनेही कुणीतरी बोलायला हवं. जुन्या संगीतग्रंथांत रागाचं नाव मल्लार, मल्लारी असंही येतं. म्हणजे उच्चाराची वाट दोघांची एकच. पण मेघमल्हार, मियाँमल्हार, गौडमल्हार हे सगळे पावसाळ्याचे राग, त्यांच्याभोवतीच्या कथाही पावसाच्याच, मल्लवधाचा तिथे मागमूस नाही. आणि खंडोबाचे दिवस येतात मार्गशीर्षात, पाऊस कधीच उघडल्यावर. काही जण 'मल हरण करणारा तो मल्हार' असंही सांगतात. ऐकायला छान आहे, पण ती मागाहून जुळवलेली व्युत्पत्ती दिसते.

जतहून :
आमच्याकडे घरात कानडीही चालते, म्हणून एक भर घालतो. कर्नाटकात हा देव मैलार, मैलारलिंग. जुन्या मराठीत मैराळ म्हणत. मिरजेच्या पलीकडे मंगसुळीला खंडोबाचं मोठं ठाणं आहे, तिथे दोन्ही भाषांतले भक्त एकाच पायरीवर भेटतात. 'येळकोट येळकोट जय मल्हार' यातला येळकोटसुद्धा कानडी, येळु म्हणजे सात आणि कोट म्हणजे कोटी. मैलार हेच मूळ नाव, मल्लारि हा त्याला मागून चढवलेला संस्कृत साज, असं मानणारे अभ्यासक आहेत. मलाही तेच पटतं. देव आधी माळावरच्या मेंढपाळांचा, पोथी नंतरची.

कराडहून :
जतकरांचं म्हणणं वजनदार आहे. तसं असेल तर 'मल्लाचा शत्रू' हा पोथीने दिलेला अर्थ ठरतो, नाव त्याहून जुनं. पण दोन्ही वाटा खंडोबापाशीच पोचतात. तेव्हा पत्रिकेत 'मल्हार : श्रीखंडोबाचे नाव' एवढंच छापा. जावयांना पावसाचा राग आवडत असेल तर बारशाला एखादी मल्हारातली बंदिश जरूर लावा, त्याला आईंचीही हरकत नसावी. लिहायला मल्हार ठीक, मल्हारी घरात हाक मारायला.