परदेशात सरकारची बाजू मांडली म्हणजे खासदार 'तिकडचा' झाला का?

देवबागचा मास्तर
२०२५ ला पावसाने मृगाची वाट बघितली नाही, मेमध्येच आला. त्यामुळे चुलतभावाची होडी घाईघाईने वर ओढून झापांनी शाकारायला घेतली. मी निवृत्त शिक्षक, माझं काम म्हणजे दोरी धरणं आणि बातम्या वाचून दाखवणं. पाकिस्तानविरुद्धच्या ऑपरेशन सिंदूरनंतर भारताची बाजू मांडायला खासदारांची सात शिष्टमंडळं परदेशात गेली, त्यातलं एक काँग्रेसचे खासदार शशी थरूर यांचं. काँग्रेसने सुचवलेल्या चार नावांत ते नव्हतेच, सरकारने परस्पर घेतले. पुढे या शिष्टमंडळाने नाराजी सांगितल्यावर कोलंबियाने पाकिस्तानातल्या मृतांबद्दल हळहळ व्यक्त करणारं निवेदन मागे घेतलं, तेही वाचून दाखवलं.

भाऊ गाठ मारता मारता म्हणाला, "ह्यो आता तिकडचोच झालो. बघ तू, पक्ष बदलतलो."

मी म्हटलं, विरोधातल्या सुप्रिया सुळे गेल्यात, ठाकरेंच्या सेनेच्या प्रियांका चतुर्वेदीही गेल्यात. सगळेच तिकडचे?

"गेले नाय ते, नेलेले असत."

होडी शाकारून झाली, माझं डोकं मात्र तिथेच अडकलंय. परराष्ट्र धोरणावर पक्षाची रेघ ओलांडणं नक्की कशाला म्हणायचं?

कुडाळचा वकील
भाऊंचा मुद्दा कायद्यालाही धरून आहे. आपल्याकडे युद्धासाठी किंवा करारासाठी संसदेचं मतदान लागतच नाही. मग पक्षाविरुद्ध मत देणार कशावर? आणि कधी मतदान झालंच, तर १९८५ च्या पक्षांतरबंदी कायद्यापासून व्हिप, म्हणजे पक्षाचा आदेश, मोडणाऱ्याची खासदारकीच धोक्यात. अमेरिकेबरोबरच्या अणुकराराचं बघा. २२ जुलै २००८ ला मतदान झालं ते विश्वासदर्शक ठरावावर, २७५ विरुद्ध २५६. माकपचे सोमनाथ चटर्जी तर लोकसभेचे अध्यक्ष, त्यांनी मतसुद्धा दिलं नव्हतं. फक्त खुर्ची सोडली नाही, तर दुसऱ्या दिवशी पक्षाने काढून टाकलं.

उलट ब्रिटनमध्ये मार्च २००३ ला इराकवर मतदान झालं तेव्हा पंतप्रधान ब्लेअर यांच्याच पक्षाचे १३९ खासदार विरोधात गेले. रॉबिन कुक यांनी आदल्या दिवशी मंत्रिपद सोडलं, खासदारकी शाबूत. आणि ब्लेअरना साथ कोणाची, तर विरोधी हुजूर पक्षाची!

पोरबंदर ते पणजी (बोटीवर असतो, नेट मिळेल तेव्हा लिहितो)
नेलेले म्हणून हिणवू नका हो. १९९४ ला जिनिव्हात संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार आयोगापुढे काश्मीरवरून पाकिस्तानचा ठराव येणार होता. नरसिंह राव यांनी शिष्टमंडळ विरोधी पक्षनेत्याच्या, वाजपेयींच्या हाती दिलं. ठराव मागे घ्यावा लागला. वाजपेयी काय काँग्रेसवासी झाले?

वेंगुर्ल्याची माहेरवाशीण
वकीलसाहेब, सगळं व्हिपवर ढकलू नका. १९६२ ला चीनशी युद्ध झालं तेव्हा पक्षांतरबंदी कायदा कुठे होता? संरक्षणमंत्री कृष्ण मेनन यांना घालवा म्हणून नेहरूंच्या मागे लागले ते काँग्रेसचेच खासदार. मग यशवंतराव दिल्लीला गेले, ते आपल्याकडे सगळ्यांना पाठ आहे. तिकडे कम्युनिस्ट डांगे चीनच्या विरोधात सरकारच्या बाजूने उभे राहिले, आणि १९६४ ला पक्षच फुटला. किंमत मोजली ती या लोकांनी. सरकारच बोलावतंय तेव्हा जायला काय लागतं!

आमचे आजोबा समाजवादी नेते नाथ पैंचे माणूस. राजापूर मतदारसंघातून नाथ तीनदा निवडून आले, तिन्ही वेळा आजोबा पायी प्रचाराला. नेहरूंना सकाळ-संध्याकाळ शिव्या. पण युद्ध लागलं तेव्हा आजीच्या दोन पाटल्यांतली एक रुमालात बांधून संरक्षण निधीला स्वतः देऊन आले. आजीला विचारलंही नव्हतं, हा भाग घरात अजून निघतो. आजी शेवटपर्यंत एका हातात पाटली आणि दुसऱ्यात काचेच्या बांगड्या घालायची.

देवबागचा मास्तर
पाटलीचं भावाला वाचून दाखवलं. जाळं शिवत होता. विचारलंन, "देऊक कोणी सांगितल्यान हुता?"

कोणीच नाही, म्हटलं.

"मगे ते गेलेले." जरा थांबून म्हणाला, "म्हातारी मात्र नेलेली."