पॅरा-क्लोरोटोल्युईनचे नायट्रेशन: क्लोरीनची भूमिका मुलांना कशी समजवावी? (मदत हवी आहे)

नमस्कार. मी दादरला बी.एस्सी.च्या मुलांची सेंद्रिय रसायनाची शिकवणी घेते. बेंझीनच्या प्रकरणात मुले एका उदाहरणावर हमखास अडतात, त्याबद्दल जाणकारांचे मार्गदर्शन हवे आहे.

पॅरा-क्लोरोटोल्युईनवर (बेंझीनच्या वलयावर समोरासमोर मिथाइल गट आणि क्लोरीन असलेले संयुग) संहत नायट्रिक व सल्फ्युरिक आम्लांच्या मिश्रणाची क्रिया केली, म्हणजेच त्याचे नायट्रेशन (वलयावर नायट्रो गट बसवणे) केले, की नायट्रो गट मिथाइलशेजारी बसलेले आणि क्लोरीनशेजारी बसलेले अशी दोन संयुगे मिळतात. त्यांत पहिल्याचे प्रमाण अधिक असते. पहिल्याचे नाव ४-क्लोरो-१-मिथाइल-२-नायट्रोबेंझीन, दुसऱ्याचे १-क्लोरो-४-मिथाइल-२-नायट्रोबेंझीन. इंग्रजी वर्णानुक्रमात क्लोरो आधी येतो म्हणून मुले दोन्हीकडे क्लोरीनलाच १ क्रमांक देऊन मोकळी होतात. पहिल्या संयुगात तसे केल्यास १, ३, ४ हे क्रमांक येतात, मिथाइलपासून मोजल्यास १, २, ४ येतात, आणि लहान संच ग्राह्य धरायचा असतो. क्रमांक ठरवताना वर्णानुक्रमाकडे बरोबरी झाली तरच पाहायचे. फळ्यावरच्या वलयाभोवती दोन्ही दिशांनी बोट फिरवून मोजले, की हे त्यांना पटते.

खरी अडचण पुढे आहे. क्लोरोबेंझीनचे नायट्रेशन बेंझीनपेक्षा सुमारे ३० पट मंद होते, तरीही नवा गट क्लोरीनच्या ऑर्थो (लगतच्या) आणि पॅरा (समोरच्या) जागीच जातो. मी असे सांगते की क्लोरीन साऱ्या वलयातून इलेक्ट्रॉन ओढतो म्हणून वेग घटतो. परंतु नायट्रोनियम आयन (वलयावर हल्ला करणारा नायट्रो गटाचा धनप्रभारित आयन) ऑर्थो किंवा पॅरा जागी जोडला गेल्यास मधल्या अवस्थेतील धनप्रभार क्लोरीन असलेल्या कार्बनवरही येतो आणि तिथे क्लोरीनची एकाकी इलेक्ट्रॉन-जोडी त्याला आधार देते, जो मेटा (एक कार्बन सोडून पुढच्या) जागी मिळत नाही. यावर हुशार मुले विचारतात, “मॅडम, क्लोरीन देतोही आणि घेतोही, मग घेणेच वरचढ का ठरते?” हा प्रश्न मला फार मोलाचा वाटतो आणि तो पाठांतरावर सोडून द्यावा असे वाटत नाही.

क्लोरीनचे ३पी आणि कार्बनचे २पी ऑर्बिटल (इलेक्ट्रॉन जिथे असतात ते भाग) आकारातल्या फरकामुळे नीट जुळत नाहीत, म्हणून देणे दुबळे राहते, हे उत्तर मला माहीत आहे. फ्लोरीन अधिक विद्युतऋण (इलेक्ट्रॉन ओढून घेणारा) असूनही फ्लोरोबेंझीनचे नायट्रेशन क्लोरोबेंझीनपेक्षा वेगाने होते, हे याच मुद्द्याला पुष्टी देते. परंतु दुसऱ्या वर्षाच्या मुलांपुढे ऑर्बिटलची जुळणी आधी मांडावी, की मधल्या अवस्थांच्या ऊर्जेचे आलेख आधी काढून घ्यावेत? ज्यांनी हा भाग वर्गात शिकवला आहे, त्यांनी आपला क्रम आणि त्यामागचे कारण कृपया सविस्तर लिहावे.