आबांची डायलिसिसची गाडी, इंजिनाचा पिवळा दिवा आणि १ लाख ४० हजारांचा अंदाज

फुलेवाडीकर (शनिवार, रात्री)

राम राम मंडळी. जरा सविस्तर लिहितोय, कारण मंगळवारच्या आत काहीतरी ठरवायला लागणार आहे.

गाडी २०२१ची, बीएस-६ डिझेल, दीड लिटरचं इंजिन. दोन वर्षांपूर्वी सेकंडहँड घेतली, आता ६३,००० किलोमीटर झालीत. घेतली ती आबांसाठीच. माझे वडील ७१ वर्षांचे, मंगळवार-गुरुवार-शनिवार डायलिसिस. चार तास मशीनवर पडून राहिल्यावर रिक्षात बसून दणके खायचं त्राण त्यांच्यात उरत नाही. मी स्वतः गांधीनगरला कामाला मोटरसायकलवर जातो. त्यामुळं गाडी फक्त कोल्हापुरातल्या कोल्हापुरात, फुलेवाडी ते राजारामपुरी, रंकाळ्याच्या कडेनं, मिरजकर तिकटी, उमा टॉकीज. जाऊन-येऊन १२-१३ किलोमीटर. गर्दीत तिसऱ्या गिअरच्या वर जायची वेळच येत नाही.

आज परत येताना रंकाळ्याच्या अलीकडं इंजिनाचा पिवळा दिवा लागला. लुकलुकत नव्हता, पेटूनच राहिला. गाडी ओढायला थोडी कमी वाटली. धूर नाही, वेगळा आवाज नाही. आबा शेजारी डोळे मिटून बसले होते. त्यांना दिवा दिसू नये म्हणून घरापर्यंत मी हात त्याच्यावर आडवा धरून चालवत आलो. त्यांना कळलं असतं तर म्हणाले असते, मी रिक्षानं जातो, तू खर्च करू नको.

त्यांना सोडून तसाच सर्व्हिस सेंटरला गेलो. दहा मिनिटं मशीन लावलं आणि सांगितलं, डीपीएफ भरलाय, नवीन घालायला लागणार, १ लाख ४० हजार. वॉरंटी संपलेली. बिघाडाचा कोड काय आला विचारलं तर कागद दिला नाही. मी गाडी घेऊन आलो.

मंगळवारी आबांना याच गाडीतून नेलं तर मधेच बंद पडेल का? आणि डीपीएफ खरंच बदलायलाच लागतो का? पैसे उभे करायचे तर करीन, पण तेवढ्यात आबांची कितीतरी महिन्यांची औषधं होतात. ज्यांनी हे भोगलंय त्यांनी कृपा करून सांगा.

उद्यमनगरचा मिस्त्री (शनिवार, रात्री)

भावा, आधी बॉनेट उघड आणि ऑइलची डिपस्टिक काढून बघ. बाकीचं नंतर. गाडी सपाट जागेवर, इंजिन गार. ऑइल वरच्या खुणेच्या वर चढलंय का आणि त्याला डिझेलचा वास येतोय का, एवढं मला सांग. का ते खाली लिहितो.

तुझ्या गाडीत सायलेन्सरच्या वाटेवर एक गाळणी आहे, तोच डीपीएफ. १ एप्रिल २०२०पासून बीएस-६ हे प्रदूषणाचे नियम लागू झाले तेव्हापासून डिझेल गाड्यांत ही गाळणी घालायलाच लागते. इंजिनाची काजळी ती अडवून धरते. भरत आली की ईसीयू, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, जादाचं डिझेल सोडतं, गाळणी ६०० अंशांच्या आसपास तापते आणि काजळी जळून जाते. याला रिजनरेशन म्हणतात. पण त्याला इंजिन पुरतं गरम लागतं आणि गाडी सलग पंधरा-वीस मिनिटं पळती लागते. तुझी गाडी सहा किलोमीटरला बंद होते. म्हणजे जाळायला सुरुवात झाली की तू चावी काढतोस. पुढच्या खेपेला परत सुरुवात, परत चावी. त्यातलं न जळलेलं डिझेल सिलिंडरच्या भिंतीवरून उतरतं आणि खाली ऑइलमध्ये मिसळतं. म्हणून डिपस्टिक. ऑइल पातळ झालं की बेअरिंग आणि टर्बो दोन्हीच्या जिवावर येतं, आणि फारच वर चढलं तर इंजिन स्वतःचंच ऑइल ओढून पळत सुटतं. चावी काढली तरी थांबत नाही. मी बावीस वर्षांत असं दोनदा बघितलंय, तिसऱ्यांदा बघायची इच्छा नाही.

आता दिवा. पिवळा आणि स्थिर असेल तर हळूहळू चालवून मेकॅनिकपर्यंत जाता येतं. पिवळा लुकलुकायला लागला तर बाजूला घे. लाल ऑइलकॅन किंवा लाल तापमान लागलं तर जिथं असशील तिथं इंजिन बंद, मग मागं कितीही हॉर्न वाजू देत.

आणखी एक, बॅटरीचं टर्मिनल काढून दिवा घालवायला कुणी सांगितलं तर ऐकू नको. दिवा लागला त्या क्षणी इंजिन किती गरम होतं, वेग किती होता, हे गाडी लिहून ठेवते. फ्रीज फ्रेम म्हणतात त्याला. टर्मिनल काढलंस की ते पुसलं जातं आणि आम्ही आंधळे.

६३ हजारांत गाळणी बदलायची वेळ आलेली मी सहसा बघितलेली नाही. काजळी जळते. राख जळत नाही, ती ऑइलमधून येते आणि साठत जाते, पण तिला याच्या कितीतरी जास्त किलोमीटर लागतात. कोड बघितल्याशिवाय एक रुपया देऊ नको.

कागल अपडाऊन (रविवार, सकाळी)

दादा, माझा अनुभव सांगते. मी कोल्हापूर-कागल रोज एमआयडीसीत कामाला जाते. हायवेनं रोज पळूनसुद्धा माझा डीपीएफ भरायचा. दोन ठिकाणी तेच ऐकलं, गाळणी बदला. शेवटी मी ब्लूटूथचा छोटा स्कॅनर घेतला. स्टीअरिंगच्या खाली १६ पिनांचं सॉकेट असतं त्यात घालायचा आणि मोबाइलवर बघायचं. हायवेला ८०च्या वेगानं पळतानाही माझं कूलंटचं, म्हणजे इंजिन गार ठेवणाऱ्या पाण्याचं, तापमान ६८च्या वर जात नव्हतं! ते ८५-९० पाहिजे. इंजिन गरम होईपर्यंत कूलंट अडवून धरणारा थर्मोस्टॅट उघडाच अडकलेला होता. इंजिन गरमच होत नाही म्हटल्यावर ईसीयू रिजनरेशन सुरूच करत नव्हतं. थर्मोस्टॅट बदलला, कूलंट भरलं, विषय संपला. त्याला सात महिने झाले.

तुमच्या गाडीत हेच असेल असं नाही. पण दिवा गाळणीचा आणि दुखणं दुसरीकडं, असं होऊ शकतं. आधी तापमान बघा. आबांना लवकर आराम पडो.

घाटवाट (रविवार, दुपारी)

एवढं कशाला? डीपीएफ कापून आत रिकामं करून घ्या आणि ईसीयूत सॉफ्टवेअर मारा. पंधरा-वीस हजारांत काम. पिकअपही वाढतो. माझ्या मित्राची तशीच फिरते.

उद्यमनगरचा मिस्त्री (रविवार, दुपारी)

हे मी माझ्या गॅरेजमध्ये करत नाही आणि करून देणाऱ्याचं नावही सांगणार नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२मध्ये गाडीत असले बदल करायला मनाई आहे. आणि कायदा राहू दे बाजूला. गाळणी काढली की जी बारीक काजळी अडत होती ती मागं उभ्या असलेल्या मोटरसायकलवाल्याच्या छातीत जाते.

फुलेवाडीकर (रविवार, रात्री)

घाटवाट, तुम्ही मदतीसाठीच सांगितलंत, पण माझ्याच्यानं हे व्हायचं नाही. आमचे आबा ३१ वर्षं शिरोलीच्या फौंड्रीत भट्टीसमोर होते. संध्याकाळी घरी आले की रुमालात काळं यायचं, ते मी लहानपणी बघितलंय. आणि ज्या दवाखान्याच्या दारात मी गाडी उभी करतो तिथं ऑक्सिजन लावलेली माणसं व्हीलचेअरवर बसलेली असतात.

मिस्त्री, डिपस्टिक बघितली. ऑइल वरच्या खुणेच्या जवळजवळ दीड सेंटिमीटर वर आहे आणि डिझेलचा वास स्पष्ट येतोय. खरं सांगतो, पोटात गोळा आला.

शेजारच्या पोराकडं स्कॅनर होता, तो लावला. दोन कोड आले: पी-२४६३ आणि पी-२४५३. फ्रीज फ्रेममध्ये कूलंट ६२ अंश, वेग १४ किलोमीटर. मग ताईंनी सांगितलं म्हणून नुसती गाडी घेऊन इथल्याच, कोल्हापुरातल्या संभाजीनगरापर्यंत चक्कर मारली. अर्ध्या तासात तापमान ८८ला जाऊन स्थिर झालं. म्हणजे थर्मोस्टॅट ठीक दिसतोय.

उद्यमनगरचा मिस्त्री (रविवार, रात्री)

आता चित्र स्पष्ट झालं. गाडी आता हलवू नको, फक्त सकाळी माझ्याकडं आण, हळू. या ऑइलवर लांब पळवून गाळणी जाळायचा प्रयत्न अजिबात करू नको. त्यात आणखी डिझेल खाली उतरेल.

पी-२४६३ म्हणजे गाळणीत काजळी जास्त साठली. सर्व्हिस सेंटरनं बहुतेक एवढाच वाचला. पण पी-२४५३ म्हणजे गाळणीच्या दाबाचा सेन्सर जे आकडे देतोय ते ईसीयूला पटत नाहीत. गाळणीच्या आधीचा दाब आणि नंतरचा दाब यांतला फरक हा सेन्सर मोजतो, दोन रबरी नळ्या असतात त्याला. फरक जास्त, म्हणजे गाळणी तुंबली, असा ईसीयूचा हिशेब. आता सेन्सरच खोटं बोलत असेल तर? गाळणी अर्धी भरलेली असतानाही ईसीयू जाळायला सुरुवात करणार, सारखं सारखं, आणि तू प्रत्येक वेळी मधेच बंद करणार. ऑइल इतकं चढलंय ते त्यामुळंच असा माझा अंदाज. तपासायची रीत सोपी आहे. चावी ऑन, इंजिन बंद. हवाच वाहत नाही म्हटल्यावर फरक शून्याला पाहिजे.

एक विचारतो, राग मानू नको. डायलिसिस संपल्यावर आबांना गाडीत बसवून एसी लावून उभा राहतोस का?

फुलेवाडीकर (रविवार, रात्री)

हो. त्यांना गरगरतं, म्हणून लगेच निघत नाही. वीस मिनिटं, कधी अर्धा तास. इंजिन चालूच असतं.

उद्यमनगरचा मिस्त्री (रविवार, रात्री)

नुसत्या आयडलवर काजळी साठत राहते आणि गाळणी तापत नाही. आबांना दवाखान्यातच पंख्याखाली बसव, पाणी दे, बरं वाटलं की मग गाडीत आण. सकाळी नऊला ये.

फुलेवाडीकर (बुधवार, संध्याकाळी)

उशिरा लिहितोय, माफ करा. सगळं क्रमानं सांगतो, पुढं कुणाला तरी उपयोग होईल.

सोमवारी उद्यमनगरात मिस्त्रींकडं गेलो. कामावर अर्धी रजा टाकली. त्यांनी चावी ऑन करून, इंजिन बंद ठेवून मला स्क्रीन दाखवली. शून्य पाहिजे तिथं २१ मिलिबार! नळ्या काढून फुंकून बघितल्या, एका नळीत ओलसर काजळी होती, ती साफ केली. तरी १९. सेन्सरच गेलेला. नवीन सेन्सर बसवला, नळ्याही नव्या, आणि मशीननं ईसीयूला नवीन सेन्सरची ओळख करून दिली. हे करायचं राहिलं तर जुनाच हिशेब चालू राहतो म्हणे. मग ऑइल आणि फिल्टर बदलला. काढलेलं ऑइल पाण्यासारखं पडत होतं, ते बघताना मला मिस्त्रींचं शनिवारचं वाक्य आठवत होतं. नवीन ऑइल गाडीच्या पुस्तकात लिहिलेल्या ग्रेडचंच, कमी राखेचं. सगळं मिळून ११,६०० रुपये झाले.

नवीन सेन्सरवर गाळणी ६० टक्क्यांच्या आसपास भरलेली दिसली. म्हणजे भरलेली होतीच, पण बदलण्याइतकी नाही. मशीन लावून उभ्या गाडीत जाळता आलं असतं, पण मिस्त्री म्हणाले, इंजिन तब्येतीचं आहे, रस्त्यावर जळू दे, ते गाडीला सोसतं.

मंगळवारी आबांना मी भावाच्या गाडीतून नेलं. आज पहाटे एकटाच निघणार होतो, पण आबा उठून तयार बसले होते. कुठं चाललास विचारलं आणि चप्पल घातली. मग दोघं गेलो. उजळाईवाडीला हायवेला लागलो. रुंदीकरणाच्या कामामुळं मधेमधे सर्व्हिस रोडला उतरावं लागलं, पण कागल सोडल्यावर रस्ता मोकळा मिळाला. चौथ्या गिअरमध्ये २,२००च्या आसपास आरपीएम ठेवून पळवली. कोगनोळी नाक्याच्या पुढं एकदम मायलेजचा आकडा खाली आला, थोडा उग्र तापलेला वास आला. स्कॅनरवर गाळणीतली काजळी उतरताना दिसत होती, ६१, ५०, ३८. आबांना मोबाइल हातात दिला होता, ते आकडे वाचून सांगत होते. फौंड्रीत भट्टीचं तापमान सांगायचे तसंच, एका सुरात. वीस-बावीस मिनिटांत ९वर आलं. निपाणीच्या अलीकडं थांबलो तेव्हा रेडिएटरचा फॅन मोठ्यानं फिरत होता, म्हणून लगेच बंद केली नाही.

दिवा गेला आहे. परत येताना आबांनी कागलला थांबून चहा घेतला. त्यांना पाणी मोजूनमापून प्यायचं असतं, तरी अर्धा कप घेतला आणि पुढच्या बुधवारी परत जायचं का म्हणून विचारलं.

मिस्त्री, कागल अपडाऊन ताई, तुमचे उपकार विसरणार नाही. दर बुधवारी निपाणीपर्यंत एक फेरी ठेवली तर पुरेल का?

उद्यमनगरचा मिस्त्री (बुधवार, रात्री)

आठवड्याला एक फेरी भरपूर झाली. पंधरा दिवसांत एक झाली तरी चालेल, पण झाली पाहिजे. रस्त्यात कधी रिजनरेशन चालू असताना थांबायला लागलं तर गाडी उसाच्या पाचटावर किंवा वाळल्या गवतावर उभी करू नको. खालचा पाइप इतका तापलेला असतो की आग लागते. सीझनमध्ये कागलकडच्या रस्त्यांच्या कडेला पाचट पडलेलंच असतं.

आणि ५०० किलोमीटरला परत डिपस्टिक बघ. खुणेच्या वर दिसली तर फोन न करता सरळ ये.

कागल अपडाऊन (गुरुवार, सकाळी)

वाचून खूप बरं वाटलं दादा. बुधवारी सकाळी सातच्या दरम्यान मीही त्याच रस्त्यावर असते.