जुन्या टेबलटॉप खेळांचे व्हिडिओ गेम: वर्गणी आधी भरावी, की गेम आल्यावर विकत घ्यावा?

गावभागकर (सांगली)

नमस्कार. सांगलीत अभियांत्रिकीला असताना आम्ही पाच जण दर रविवारी ‘शॅडोरन’ हा टेबलटॉप खेळ (टेबलाभोवती बसून, एकेक पात्र होऊन खेळायचा कथाखेळ) खेळत असू. या खेळात एकेका कृतीसाठी मूठभर सहापैलू फासे एकदम टाकावे लागतात. तेवढे फासे एका ठिकाणी मिळत नसल्याने आम्ही गणपती पेठेतून ल्यूडोचे डबे आणून त्यांतले फासे तेवढे काढून घेतले होते. सोंगट्या आजही घरात कुठेकुठे निघतात. २०१९ च्या पुरात नियमपुस्तकाची झेरॉक्स आणि आमच्या पात्रांचे कागद भिजले. कागद दोरीवर वाळत घातले, पण बॉलपेनची अक्षरे फुटली होती आणि झेरॉक्सची पाने सोडवताना फाटत गेली. तेव्हापासून खेळ बंद आहे, मंडळीही पुण्याबंगळूरला पांगली.

परवा त्यांच्यापैकी एकाने एका क्राउडफंडिंग मोहिमेचा, म्हणजे लोकांकडून आधीच वर्गणी गोळा करण्याच्या मोहिमेचा, दुवा पाठवला. दुसऱ्या एका जुन्या टेबलटॉप खेळाचा व्हिडिओ गेम करायचा असून तो दोन वर्षांनी मिळेल असे तिथे म्हटले आहे. प्रत्येकी तीनेक हजार रुपये भरावेत असा मित्रांचा आग्रह आहे. अशा मोहिमांचा पूर्वानुभव काय सांगतो, आणि टेबलाभोवती बसून खेळण्यातले नेमके काय पडद्यावर उतरते, हे जाणकारांनी सांगावे.

कृष्णाकाठ (मिरज)

पहिल्यांदा एक गोष्ट स्पष्ट करतो: ही खरेदी नव्हे. आपल्याकडे प्रकाशनपूर्व सवलतीत पुस्तकाचे पैसे भरतो तेव्हा हस्तलिखित बहुधा छापखान्याच्या वाटेवर असते. इथे अनेकदा पहिले प्रकरणही लिहून झालेले नसते.

तुमच्याच ‘शॅडोरन’चे उदाहरण घेऊ. मूळ खेळ १९८९ चा. त्याच्या जनकांपैकी एक असलेल्या जॉर्डन वाइजमन यांच्या हेअरब्रेन्ड स्कीम्स या स्टुडिओने एप्रिल २०१२ मध्ये किकस्टार्टर या वर्गणीच्या संकेतस्थळावर ४ लाख डॉलर मागितले. ३६ हजारांहून अधिक लोकांनी मिळून १८ लाखांच्या वर डॉलर दिले आणि जुलै २०१३ मध्ये ‘शॅडोरन रिटर्न्स’ आला. मी त्या वर्गणीदारांपैकी एक. गेम सव्वा वर्षात होऊ शकला याचे कारण, माझ्या मते, त्यांनी बरेच काही गाळले. तुम्ही मुठीत घेऊन टाकत होतात ते फासे पडद्यावर दिसत नाहीत, नेम लागण्याची टक्केवारी तेवढी दिसते. कथाही बऱ्यापैकी सरळ रेषेत जाते. गेम मास्टरला (डाव चालवणाऱ्याला) चकवून भलतीकडेच निघून जाण्याची जी मजा तुम्हाला आठवत असेल, ती तिथे जवळजवळ नाही. मात्र जे केले ते नेटके होते, आणि सोबत स्वतःच्या कथा रचण्यासाठी एडिटर दिला होता, जो माझ्या दृष्टीने मूळ गेमपेक्षा मोलाचा ठरला.

याच्या उलट ‘टॉरमेंट: टाइड्स ऑफ न्यूमेनेरा’. मॉन्टी कुक यांच्या टेबलटॉप खेळाच्या विश्वावर आधारलेल्या या गेमसाठी २०१३ मध्ये ४१ लाख डॉलरहून अधिक रक्कम जमली. रक्कम वाढेल तशी आश्वासने वाढली: गेममध्ये आणखी साथीदार पात्रे, आणखी भाषा. आपल्या मंडळांत वर्गणी जास्त जमली की देखावा वाढतो, तसेच. शेवटी फेब्रुवारी २०१७ मध्ये गेम आला तेव्हा काही साथीदार गळाले होते आणि कबूल केलेले इटालियन भाषांतर रद्द झाले होते. गेमचे लेखन सुरेख आहे, पण इटालियन वर्गणीदाराला ते सांगून काय उपयोग?

म्हणून मोहिमेच्या पानावर ‘काय काय देणार’ यापेक्षा ‘काय करणार नाही’ हे लिहिले आहे का, ते आधी पाहावे.

अजिंक्यतारा (सातारा)

कृष्णाकाठ यांच्याशी पूर्ण सहमत होता येत नाही. त्यांच्या विवेचनातून वर्गणीदाराचा मुख्य तोटा सुटला आहे, तो म्हणजे सर्वांत आधी पैसे भरणाऱ्यालाच सर्वांत कच्चा गेम मिळतो. ‘शॅडोरन रिटर्न्स’मध्ये सुरुवातीला हवे तिथे सेव्ह करता येत नव्हते, ती सोय ‘ड्रॅगनफॉल’ या त्याच्या पुढच्या कथेबरोबर २०१४ मध्ये आली. ‘पाथफाइंडर’ या टेबलटॉप खेळावरचा, असाच वर्गणीतून झालेला ‘पाथफाइंडर: किंगमेकर’ सप्टेंबर २०१८ मध्ये आला तेव्हा त्यात इतके दोष होते की मी दुसऱ्या प्रकरणातच सोडून दिला. पाळीपाळीने लढण्याची पद्धत, जी टेबलावरच्या खेळाचा कणा आहे, ती त्यात अधिकृतपणे २०२० मध्ये आली, आणि तीसुद्धा एका चाहत्याने आधी मॉड (गेममध्ये स्वतः केलेला बदल) करून दाखवल्यावर. दोन वर्षे थांबलेल्या माणसाने तोच गेम धड अवस्थेत, सवलतीच्या दरात घेतला.

दुसरा मुद्दा हक्कांचा. जुन्या खेळाचे नाव एकाकडे आणि व्हिडिओ गेमचे हक्क दुसऱ्याकडे, असे सर्रास असते. ‘शॅडोरन’चे इलेक्ट्रॉनिक हक्क मायक्रोसॉफ्टकडे असल्यामुळे मूळ जनकालाच परवाना घ्यावा लागला. पॅरिसमधल्या एका स्टुडिओच्या ‘सोलास्टा’ या गेमने वेगळी वाट काढली: ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ या टेबलटॉप खेळाच्या पाचव्या आवृत्तीचे जेवढे नियम खुल्या परवान्यात होते तेवढेच घेतले, बाकीचे पात्रांचे उपवर्ग आणि जग स्वतः रचले. त्यात फासेही पडद्यावर घरंगळताना दिसतात, हे गावभागकरांना आवडेल. तुमच्या मोहिमेकडे परवाना कोणाचा आहे, हे विचारून घ्या.

हळदबाजार (सांगली)

एक व्यवहाराची गोष्ट. रिझर्व्ह बँकेच्या २०२० च्या नियमानुसार नवे कार्ड मुळात देशांतर्गत वापरापुरतेच चालू असते; परदेशी व्यवहार आपण चालू करून घ्यावा लागतो. किकस्टार्टरवर उद्दिष्ट गाठले तरच, आणि मोहीम संपल्यावरच, पैसे कापले जातात. माझ्या बाबतीत तोवर ती सोय पुन्हा बंद केलेली होती, आणि वर्गणी जमाच झाली नाही. विनिमयाचे शुल्कही हिशेबात धरावे.

कृष्णाकाठ (मिरज)

अजिंक्यतारा यांचे म्हणणे खरेदीदार म्हणून बरोबर आहे, पण सगळेच थांबले तर गेम निघणार कसा? माझा स्वतःचा नियम असा झाला आहे की पैसे त्या स्टुडिओच्या दुसऱ्या खेपेला भरावेत. हेअरब्रेन्डने जानेवारी २०१५ मध्ये ‘शॅडोरन: हाँगकाँग’साठी फक्त १ लाख डॉलर मागितले, १२ लाख मिळाले, आणि गेम त्याच ऑगस्टमध्ये आला, कारण इंजिन (गेम चालवणारी मूळ प्रणाली) आणि एडिटर तयार होते. ‘किंगमेकर’वाल्यांनीही ‘रॅथ ऑफ द रायटियस’ची मोहीम २०२० च्या सुरुवातीला काढून सप्टेंबर २०२१ मध्ये गेम दिला. दोषांबद्दल मात्र मी वाद घालणार नाही. ते त्यातही होते.

गावभागकर (सांगली)

सर्वांचे आभार. मोहिमेचे पान पुन्हा नीट वाचले. स्टुडिओचा हा पहिलाच गेम आहे, परवान्याचा उल्लेख एका ओळीत आहे आणि खेळून पाहण्याजोगा नमुना कुठेच नाही. परवान्याबाबत त्यांना विचारले आहे. तूर्त एकाने सर्वांत लहान रक्कम भरायची आणि बाकीच्यांनी थांबायचे, असे ठरले.

त्या निमित्ताने एडिटरची गोष्ट मनात राहिली. आमच्या जुन्या डावातला शेवटचा प्रसंग आयर्विन पुलाखाली, पाणी चढत असताना घडला होता, आणि तो अर्धाच राहिला. तो ‘रिटर्न्स’च्या एडिटरमध्ये रचता येईल का? प्रोग्रॅमिंगचा माझा सराव आता राहिलेला नाही.

कृष्णाकाठ (मिरज)

प्रोग्रॅमिंग लागत नाही. ‘हे घडले तर ते करा’ अशा अटी यादीतून निवडून जोडायच्या असतात. मात्र ‘रिटर्न्स’ऐवजी ‘हाँगकाँग’ घ्या. त्यातली वस्ती पाण्याकाठचीच असल्याने होड्या आयत्या मिळतील, पुलाच्या कमानी तेवढ्या तुम्हाला तुकडे जोडून उभ्या कराव्या लागतील.