मदत हवी आहे: सलाईन वेळेआधी संपली, इन्सिडंट रिपोर्टमध्ये नेमकं काय लिहू? (अर्जंट)

नाईटवाली_नवीन (रात्री १:१०)
नाईटला आहे, पटकन सांगा. ८ तासांची सलाईन पावणेतीन तासात संपली, मला ओव्हरमध्ये (ड्यूटी बदलताना माहिती देतात त्यात) मिनिटाला ६० थेंब सांगितले होते मी ६०च ठेवले, घड्याळ लावून मोजले होते. आता रिपोर्ट लिहायचा आहे तर कसा लिहू, कुणाकडे फॉरमॅट असेल तर टाका. सोबतची सीनियर म्हणते रिपोर्ट वगैरे नको, इनटेक चार्टवर (पेशंटला किती पाणी गेलं त्याचा तक्ता) दर तासाला ६० ६० भरून टाक. मला नोकरीला दोनच महिने झालेत.

जुनी_सिस्टर (१:१४)
फॉरमॅट राहू दे बाजूला. पेशंट कसा आहे? वय, कुठली सलाईन, त्यात काय घातलं होतं, यातलं एकही लिहिलं नाहीस.

आयसीयू_बाय (१:१५)
म्हणून सांगत असते, इन्फ्युजन पंप लावा. थेंब मोजायचे दिवस गेले. आमच्याकडे सगळं पंपावर, असली भानगडच नाही.

नाईटवाली_नवीन (१:१९)
पंप आयसीयूत आहेत, वॉर्डात नाहीत. पेशंट ठीक आहे, झोपलीय. डीएनएस (ग्लुकोज आणि मीठ असलेली सलाईन) होती ५०० एमएल. रिपोर्टचं सांगा ना कुणीतरी.

जुनी_सिस्टर (१:२२)
झोपलीय म्हणजे ठीक आहे हे कुणी ठरवलं? उठव तिला. बीपी, पल्स, श्वास मोज, सॅच्युरेशन बघ, आडवं झोपल्यावर धाप लागते का विचार, छाती ऐक, युरिन किती झाली ते बघ. शुगरची पेशंट आहे का? आणि सेट (सलाईनची नळी) कुठला होता, मायक्रो (बारीक थेंबांचा) की साधा?

कोपऱ्यातला_ब्रदर (१:२४)
डीएनएस होती म्हणून वाचलात, आरएल (कॅल्शियमवाली सलाईन) असती आणि त्याच लाईनमधून सेफट्रायाक्झोन (अँटिबायोटिक) गेलं असतं तर कॅल्शियमबरोबर साका धरला असता. नवजात बाळांना तर हे दोन्ही एकत्र द्यायचंच नाही, मोठ्यांना मध्ये लाईन फ्लश करूनच. हे बऱ्याच जणींना माहीत नसतं.

जुनी_सिस्टर (१:२५)
दादा, आरएलचं नाव कुणी काढलं इथे?

नाईटवाली_नवीन (१:३३)
उठवलं. बीपी १५०/९०, पल्स ९६, सॅच्युरेशन ९५, धाप नाही म्हणते. वय ६८. हो डायबेटिस आहे. आणि बाटलीत केसीएलचं (पोटॅशियम क्लोराइड) एक अँप्यूल होतं, ऑर्डरच तशी होती.

जुनी_सिस्टर (१:३५)
केसीएल आता सांगतेस!! आधी डॉक्टरांना फोन. "मॅडम, ५०० डीएनएस विथ २० एमईक्यू केसीएल, ८ तासांची ऑर्डर, पावणेतीन तासात गेली, व्हायटल्स (बीपी, पल्स वगैरे) असे असे", एवढंच बोल, आढेवेढे नकोत. ईसीजी, पोटॅशियम, क्रिएटिनिन (किडनीची तपासणी) त्या सांगतीलच. तोवर शुगर कर, ५०० डीएनएसमध्ये २५ ग्रॅम ग्लुकोज असतं. पुढची बाटली त्या सांगेपर्यंत लावू नकोस. संपलेली बाटली आणि सेट फेकू नकोस.

थेंब_मोजणारी (१:४१)
हिशोब करून बघितला. २० एमईक्यू भागिले पावणेतीन म्हणजे तासाला सव्वासात. वॉर्डात हातातल्या शिरेतून तासाला १०च्या वर जाऊ नये म्हणतात, त्यामुळे त्याच्या आत आहे, पण ६८ वय आणि डायबेटिस म्हणजे किडनी कशी आहे ते बघितल्याशिवाय निवांत होऊ नका. बाटली टांगल्यावर केसीएल घातलं नव्हतं ना? टांगलेल्या बाटलीत घातलं की ते खाली पोर्टपाशी बसतं आणि सुरुवातीलाच सगळं घट्ट जातं. खाली घेऊन, घालून, उलटीपालटी करून मग टांगायची.

नाईटवाली_नवीन (१:४४)
खाली घेऊनच घातलं होतं, हलवली पण. फोन करते. पण चूक माझी नाही ना, ६० थेंब ओव्हरमध्येच सांगितले होते.

थेंब_मोजणारी (१:४६)
६० थेंब कुठल्या सेटचे? मायक्रोला ६० थेंबांचा १ एमएल, म्हणजे तासाला ६० एमएल, ५०० जायला ८ तास २० मिनिटं. साध्या २०च्या सेटला तेच ६० थेंब म्हणजे मिनिटाला ३ एमएल, तासाला १८०. करा भागाकार. पावणेतीन तासच येतात.

नाईटवाली_नवीन (१:५८)
एक सांगायचं राहिलं. १० वाजता तिचा हात सुजला होता म्हणून मी दुसऱ्या हाताला कॅन्युला टाकली आणि बाटली सेट दोन्ही नवीन घेतलं. ट्रॉलीत मायक्रो नव्हते, साधा लावला. थेंब तेवढेच ठेवले.
डॉक्टर आल्यात, ईसीजी चालू आहे. शुगर २८६.

कुणीतरी_७ (२:०३)
अहो मग रिपोर्ट कशाला लिहिताय, स्वतःच्या पायावर धोंडा. पेशंटला काही झालं नाही, चार्ट भरा आणि सोडा. मेमो मिळाला की कळेल.

जुनी_सिस्टर (२:०९)
चार्टवर ६० ६० भरलंत की बघणाऱ्याला वाटणार आजीला दोन वाजेपर्यंत २४० गेलं, प्रत्यक्षात गेलं ५००, आणि त्या आकड्यावर पुढचं फ्लुइड ठरणार. सूज, धाप, पोटॅशियम, काही झालं तरी कुणाला पत्ता लागणार नाही का वाढलं ते. चार्ट खोटा लिहू नये एवढं तरी आपण शिकलोय ना.

कुणीतरी_७ (२:११)
तत्त्वज्ञान सोपं असतं ताई. चाळीस पेशंटना दोघी जणी, थेंब कधी मोजणार?

पोस्टऑप_वाली (२:१५)
चाळीस? आमच्याकडे परवा मी एकटी होते आणि वॉर्डबॉय मामा पण सुट्टीवर. मशीनवर कागद नाही, ट्रॉलीचं एक चाक निघालंय...

थेंब_मोजणारी (२:१८)
मी बाटलीला कडेला चिकटपट्टी लावते, तिच्यावर तासातासाच्या खुणा. १० ला इथे, ११ ला इथे. येता जाता नुसती नजर टाकली तरी ११ वाजता दिसलं असतं की जवळजवळ दोन खुणा पुढे गेलीय. फुकट आहे. पंपात ६२.५ ऐवजी ६२५ दाबलं तर पंप इमानदारीत ६२५ देतो.

आयसीयू_बाय (२:२०)
पंपाला लिमिट लावता येते हो. चिकटपट्टीला अलार्म नसतो. आणि पेशंटने हात दुमडला की तुमचे थेंब बदलतात, मग पट्टीवर नुसता इतिहास.

थेंब_मोजणारी (२:२१)
वॉर्डात पंप आले की कळवा, पट्टी काढून टाकते.

जुनी_सिस्टर (२:२६)
भांडा सावकाश. बाळ, रिपोर्ट असा लिही: किती वाजता कुठली बाटली कुठल्या सेटने लावली, किती थेंब, किती वाजता संपलेली दिसली, त्यावेळचे व्हायटल्स, डॉक्टरांना किती वाजता सांगितलं, त्यांनी काय सांगितलं. "चुकून", "घाईत", "अमुक सिस्टरमुळे" यातलं काही नको. केस पेपरवर पण हेच, फक्त उशिरा लिहितेस तर आत्ताची वेळ टाक, मागची टाकू नकोस. खोडायचं झालं तर एक रेघ आणि सही, व्हाइटनर नाही. आणि इथून पुढे ओव्हर देताना थेंब सांगू नकोस, तासाला किती एमएल ते सांग. मायक्रोला तासाचे एमएल तेच थेंब, २०च्या सेटला भागिले तीन. पाकिटावर छापलेलं असतं ते वाच, १० आणि १५चे पण सेट येतात.

नाईटवाली_नवीन (सकाळी ६:५०)
ईसीजी नॉर्मल, पोटॅशियम ४.६ आलं, क्रिएटिनिन १.१. रात्री फ्लुइड बंद ठेवलं, युरिन चांगली होतेय. आजी चहा मागतायत. रिपोर्ट लिहिला, सेट मीच बदलला ते पण लिहिलं. सीनियर बोलत नाहीये माझ्याशी. इन्चार्ज ८ ला येतील, पोटात गोळा आलाय.

थेंब_मोजणारी (६:५८)
ट्रॉलीत मायक्रो सेट नव्हते हे लिहिलंत का?

नाईटवाली_नवीन (७:०१)
नाही, ते पण लिहायचं असतं? इंडेंट (सामानाची मागणी) चार दिवसांपूर्वीच गेलंय, वहीत आहे.

जुनी_सिस्टर (७:०२)
लिही. वहीतली तारीख पण टाक.

पोस्टऑप_वाली (७:२०)
सुजलेल्या हाताला मॅगसल्फचं (मॅग्नेशियम सल्फेट) ड्रेसिंग केलंत का कुणी?