मदत हवी आहे: संस्थेतला तांत्रिक गट बंद पडतोय, महिनाअखेर रिपोर्ट द्यायचाय

रिले_ट्रिप
नमस्कार मंडळी, जरा अर्जंट आहे. आमच्या संस्थेत दोन वर्षांपूर्वी तीन तांत्रिक गट काढले, त्यातले दोन बंद पडल्यातच जमा आहेत आणि तिसऱ्याला मागच्या वेळी मला धरून चार डोकी होती. कमिटीने सांगितलंय, महिनाअखेर लेखी द्या, चालवायचे की गुंडाळायचे. व्हॉट्सॲप ग्रुपवर 240 जण आहेत, सणावाराचे फोटो धो धो येतात पण रिले (बिघाड ओळखून वीज तोडायला लावणारं उपकरण) सेटिंगचा एक साधा प्रश्न टाकला तर निळ्या टिका येतात, उत्तर येत नाही. चांगले स्पीकर आणले, नाश्ता ठेवला, सर्टिफिकेटं दिली, सगळं करून झालं. प्लीज "तळमळ पाहिजे" वगैरे सांगू नका, तळमळ आहे म्हणून तर लिहितोय. असा गट ज्यांनी स्वतः चालवलाय त्यांनी सांगा काय केलं ते.

नियमावली
कुठली संस्था? इन्स्टिट्यूशन ऑफ इंजिनिअर्स, आयईईई, आयईटीई, की स्थानिक असोसिएशन? प्रत्येकाचे नियम वेगळे. आयईईईमध्ये एखाद्या सोसायटीचा (विषयवार विभागाचा) चॅप्टर, म्हणजे स्थानिक शाखा, काढायचा तर त्या सोसायटीच्या किमान 12 सभासदांच्या सह्या लागतात आणि वर्षाला निदान दोन तांत्रिक बैठका दाखवाव्या लागतात. तुमच्याकडे असं काही बंधन आहे का हे कळल्याशिवाय काय सांगणार?

रिले_ट्रिप
संस्थेचं नाव नको, कमिटीतले लोक इथे वाचतात. नियमांचा प्रश्नच नाहीये, कागदावर तिन्ही गट ठणठणीत आहेत. माणसं येत नाहीत हा प्रश्न आहे.

ओंटारियोतून
हजेरीला पॉइंट द्या. आमच्याकडे ओंटारियोत 2023 पासून पी.इंजि. (प्रोफेशनल इंजिनिअर) लायसन्स असलेल्यांना व्यावसायिक शिक्षणाचे तास भरणं सक्तीचं झालंय, त्यामुळे बरीच मंडळी आपापल्या विषयाची व्याख्यानं शोधत येतात. तासांची नोंद होणार म्हटलं की लोक आपोआप येतात.

जुना_वायरमन
दादा, तुमच्याकडे तास भरले नाहीत तर लायसन्सची अडचण होते म्हणून लोक येतात. इथे इंजिनिअरला काम करायला सरसकट लायसन्सच लागत नाही, मग पॉइंट घेऊन करायचे काय? लायसन्स लागतं ते आमच्यासारख्यांना, वायरमन, सुपरवायझर, कॉन्ट्रॅक्टर. आणि आम्हाला या संस्था दारात उभं करत नाहीत, डिग्री नाही म्हणून.

शेवटचा_बाक
मी थर्ड इयर इलेक्ट्रिकलला आहे. आमच्या कॉलेजला स्टुडंट ब्रँच आहे. मेंबरशिप घेतली तर प्लेसमेंटला उपयोग होतो का?

मृण्मयी_पीक्यू
बाळा, वेगळा धागा काढ, तिथे नक्की सांगते.
@रिले_ट्रिप, तीन गोष्टी तुम्ही लिहिल्याच नाहीत. गट कोणत्या विषयाचे? बैठक कुठे आणि किती वाजता? आणि बोलावणं कोण करतं, तुम्ही एकटे की आणखी कोणी?

रिले_ट्रिप
विषय: प्रोटेक्शन (रिले-ब्रेकर), पॉवर क्वालिटी (विजेचा दर्जा) आणि एनर्जी ऑडिट (वीजवापराची तपासणी). बैठक महिन्यातल्या दुसऱ्या बुधवारी सकाळी 11 ला, एका कॉलेजच्या सेमिनार हॉलमध्ये, कारण हॉल फुकट मिळतो. नाशिकची गोष्ट आहे, मेंबर बहुतेक सातपूर-अंबड एमआयडीसीचे. बोलावणं मीच करतो, स्पीकरला आणायला गाडीही माझीच, रिपोर्टही मीच लिहितो. याचा काय संबंध ते कळलं नाही.

जुना_वायरमन
बुधवारी सकाळी 11 ला!!! अहो साहेब, त्या वेळी मेन्टेनन्सचा माणूस पॅनलपुढे उभा असतो. पहिली पाळी साडेतीनला सुटते. तुमच्या हॉलमध्ये 11 ला येणार कोण, तर कॉलेजची पोरं आणि रिटायर लोक.

निवृत्त_कार्यकारी
रिटायर लोक येतात यात वाईट काय आहे? आमच्या वेळी व्हॉट्सॲप नव्हतं, पोस्टकार्डावर बैठकीची सूचना जायची आणि चिटणीस आदल्या दिवशी एकेकाला फोन करायचे, तरी हॉल भरायचा. आणि नाशिकच्या मंडळींना एक आठवण करून देतो, विश्वेश्वरय्या 1884 मध्ये मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात लागले तेव्हा पहिली नेमणूक नाशिकलाच होती. खडकवासल्याचे आपोआप उघडणारे दरवाजे पुढचे, 1903 चे. ज्या गावात ते कामाला उभे राहिले तिथे गट चालत नाही म्हणजे काय? 15 सप्टेंबरला अभियंता दिन मोठा करा, सगळ्यांना एकत्र आणा.

ओतारी
अभियंता दिनाला हार घालून होईल, पुढचे 364 दिवस काय? मी कोल्हापूरचा, फाउंड्रीवाला (धातूच्या ओतकामाचा कारखाना). आमच्याकडेही हेच झालं होतं. स्पीकर यायचा, सप्लायर प्रायोजक, पाऊण तास त्यांच्या रेझिनची जाहिरात, मग जेवण. दोन वर्षांत लोक फक्त जेवणाला यायला लागले. मग एकाने आपल्याकडचं रिजेक्ट कास्टिंग (ओतीव भाग) कापून पिशवीतून आणलं आणि टेबलावर ठेवलं. ब्लोहोल होतं आत, म्हणजे हवेची पोकळी, सुपारीएवढी. म्हणाला, व्याख्यान राहू द्या, हे कशामुळे ते सांगा. कोणी म्हणे वाळूत ओलावा जास्त, कोणी म्हणे व्हेंट (हवा जायची भोकं) कमी, कोणी म्हणे कोअर (आतला वाळूचा साचा) नीट भाजला नाही, भांडणच लागलं. त्या दिवशी नऊ वाजेपर्यंत कोणी उठलं नाही. तेव्हापासून आमचा नियम एकच, टेबलावर काहीतरी बिघडलेलं असलंच पाहिजे. स्पीकर नसला तरी चालेल.

नियमावली
आणि गोपनीयतेचं काय? पार्ट कस्टमरचा, ड्रॉइंग कस्टमरचं. उद्या त्यांच्या क्वालिटीवाल्याला कळलं की आपलं रिजेक्शन चव्हाट्यावर मांडलंय तर ऑर्डर जाईल. संस्थेवर पण येईल. असलं काही सुरू करण्याआधी प्रत्येक मेंबरकडून लेखी घ्यायला हवं.

ओतारी
लेखी घ्यायला गेलात की दुसऱ्या दिवशी कोणी येणार नाही. आम्ही पार्ट नंबर घासून आणतो, कंपनीचं नाव कोणी घेत नाही, फोटो काढायचा नाही आणि मिनिट्समध्ये दोष लिहायचा, कुणाचा ते लिहायचं नाही. गावात सगळे एकमेकांना ओळखतात, कळायचं ते कळतंच, पण बाहेर जात नाही. आज माझं, उद्या तुझं, हे सगळ्यांना ठाऊक आहे.

मृण्मयी_पीक्यू
घासण्याबद्दल मी नियमावलींच्या बाजूने आहे, इलेक्ट्रिकलला ते इतकं सोपं नाही. रिलेचा इव्हेंट रेकॉर्ड आणला तर त्यात फीडरचं (वीज नेणाऱ्या लाइनचं) नाव, वेळ, सगळं असतं. ते आधी पुसून कागदावर प्रिंट आणायचा, पेन ड्राइव्ह आणायचा नाही, असं आम्ही ठरवलं होतं आणि ते चाललं.

दुसरं महत्त्वाचं. रिले_ट्रिप, तुम्ही "मीच", "माझीच" असं तीन वेळा लिहिलंय. मी पुण्यात एक गट अडीच वर्षं चालवला, छान चालला होता, 30-35 जण यायचे. मग मी बाळंतपणाच्या रजेवर गेले. परत आले तेव्हा गट नव्हता. हॉलच्या शिपायाचा नंबर माझ्याकडे, मेंबरांची यादी माझ्या लॅपटॉपवर, पुढच्या दोन स्पीकरांशी बोलणं माझं झालेलं. कोणाची चूक नव्हती हो, सगळे मी परत यायची वाट बघत बसले होते! त्याचं मला अजून वाईट वाटतं कारण ते लोक चांगले होते. आता नवीन गटात पहिल्या दिवशीच तिघांत वाटून टाकलंय, जागा एकाकडे, माणसांना फोन दुसऱ्याकडे, टिपणं तिसऱ्याकडे आणि दर सहा महिन्यांनी कामं बदलायची.

ओंटारियोतून
व्हॉट्सॲप बंद करून डिस्कॉर्डवर या. विषयवार चॅनेल करता येतात, जुनं शोधता येतं. 240 लोकांच्या ग्रुपमध्ये प्रश्न विचारायला लाज वाटते माणसाला.

जुना_वायरमन
डिस्कॉर्ड आमच्या फोरमनला शिकवायला कोण येणार, तुम्ही? लाज वाटते हे मात्र बरोबर बोललात. ग्रुपवर बॉस असतो ना. बॉस असलेल्या ग्रुपवर "माझा ब्रेकर का ट्रिप होतोय" विचारलं तर सोमवारी केबिनमध्ये बोलावणं येतं.

रिले_ट्रिप
हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. ग्रुपवर दोन प्लँट हेड आहेत, मीच ॲड केलेत, वजन यावं म्हणून.

आणि ओतारीभाऊंचं वाचून एक आठवलं, ते मी आधी लिहायला हवं होतं. मागच्या वर्षी एक बैठक रंगली होती. स्पीकर ऐनवेळी आला नाही. एक जण कापडी पिशवीतून फुगलेला कपॅसिटर घेऊन आला होता, खरं तर दुकानात बदलून घ्यायला निघाला होता, वाटेत डोकावला. डबा वरून घुमटासारखा वर आलेला, एका टर्मिनलचं इन्सुलेशन काळं पडून वितळलेलं, हाताला तेलकट वास. आठ महिन्यांत त्याचे सहा गेले होते. त्या दिवशी दोन तास बसलो आम्ही. मी रिपोर्टात "व्याख्यान रद्द" असं लिहिलं होतं.

मृण्मयी_पीक्यू
अहो तीच तर तुमची बैठक! व्हीएफडी (मोटरचा वेग बदलणारे ड्राइव्ह) किती लावलेत त्याच्याकडे? आणि पॅनलमध्ये रिॲक्टर (कपॅसिटरच्या जोडीला लावायची कॉइल) आहेत का?

रिले_ट्रिप
गेल्या दोन वर्षांत बरेच लावले, आकडा माहीत नाही. एचटीचं (हाय टेन्शन जोडणीचं) बिल 2020 पासून केव्हीएएचवर, म्हणजे एकूण ओढलेल्या विजेवर, यायला लागलं तेव्हा पॉवर फॅक्टर (त्यातला कामी लागणारा हिस्सा) सुधारायला कपॅसिटर वाढवले, रिॲक्टर नाहीत.

मृण्मयी_पीक्यू
मग मोजल्याशिवाय छातीठोक सांगणार नाही पण पहिला संशय रेझोनन्सचाच. व्हीएफडी पाचवा आणि सातवा हार्मोनिक सोडतात, म्हणजे 50 हर्ट्झच्या पाचपट आणि सातपट, 250 आणि 350 हर्ट्झ. ट्रान्सफॉर्मर आणि कपॅसिटर मिळून त्याच्या आसपास जुळले की कपॅसिटर नको तेवढा करंट ओढतो, तापतो, फुगतो. 7 टक्क्यांचा डीट्यून्ड रिॲक्टर टाकला की ट्युनिंग 189 हर्ट्झवर येतं, पाचव्याच्या खाली.

जुना_वायरमन
रिॲक्टर टाकायला सांगतात सगळे, पण कपॅसिटर तोच 440 व्होल्टचा ठेवतात! 7 टक्के टाकला की कपॅसिटरवर व्होल्टेज चढतं, 415 चे 446 होतात. तिथे 440 चा डबा किती दिवस टिकणार? 480 किंवा 525 चा पाहिजे. मी स्वतः तीन ठिकाणी हे बदललंय आणि प्रत्येक ठिकाणी आधीच्या इंजिनिअरने मलाच वेड्यात काढलं होतं.

मृण्मयी_पीक्यू
काका, शंभर टक्के बरोबर. आणि व्होल्टेज रेटिंग वाढवलं की त्याच डब्याचे केव्हीएआर (पॉवर फॅक्टर सुधारायची क्षमता) कमी मिळतात, ते पण धरायला लागतं.

निवृत्त_कार्यकारी
हा धागा कपॅसिटरचा आहे का गटाचा?

ओतारी
साहेब, हाच गट आहे. बघा ना, मोजून दहा मिनिटांत कॅनडापासून कोल्हापूरपर्यंत सगळे गोळा झाले, आणि सगळ्यात कामाची गोष्ट सांगितली ती डिग्री नसलेल्या माणसाने. रिले_ट्रिप, तुमच्या नियमात बिगरसभासदाला बसता येतं का तेवढं बघा.

नियमावली
माझं ऐका. मतदान आणि पदं सभासदांनाच, हे ठीक. पण तांत्रिक बैठकीला पाहुणे बसवायला बऱ्याच संस्थांत आडकाठी नसते. अध्यक्षांना तोंडी विचारून ठेवा. आणि रिपोर्टात पाहुण्यांची संख्या वेगळी दाखवा, म्हणजे नंतर कोणी बोट दाखवणार नाही. लेखी संमतीचा माझा आग्रह मागे घेतो, पण फोटोबंदी पहिल्या ओळीत सांगा, प्रत्येक वेळी सांगा.

निवृत्त_कार्यकारी
माझीही एक सूचना राहू द्या. ग्रुपवर मेसेज टाकून माणूस येत नाही. बारा जणांना फोन करा, नावाने बोलवा, "तुमच्याकडचा तो ट्रान्सफॉर्मर गरम होत होता, त्याचं काय झालं" असं विचारून बोलवा. फोनचं काम मला द्या, मी नाशिकरोडला राहतो, दिवसभर मोकळाच असतो.

रिले_ट्रिप
साहेब, मनापासून आभार, लगेच व्यनि (वैयक्तिक निरोप) करतो.

रिपोर्टात लिहितोय: दोन गट बंद, एक चालू, आणि त्या एकात तिन्ही विषय. मला फार जड गेलं हे लिहायला कारण एनर्जी ऑडिटचा गट मीच हट्टाने काढला होता, पण चार माणसांत तीन गट होत नाहीत. कॉलेजचा हॉल सोडला. कपॅसिटरवाल्याशी बोललो, त्याचा मालक तयार आहे, येत्या शनिवारी साडेचारला त्यांच्याच शेडमध्ये बसायचं. स्पीकर नाही, प्रायोजक नाही, हार-तुरे नाहीत. दहा मिनिटं तो सांगेल, मग पॅनल उघडून बघायचं. प्लँट हेडना या वेळी बोलावत नाहीये. जुना वायरमनकाका, तुम्ही येणार का? तुम्ही याल तर 525 चा एक डबा आणा प्लीज, रेटिंग प्लेट सगळ्यांना दाखवू.

जुना_वायरमन
येतो. पण चालू पॅनलला कोणी हात लावायचा नाही, शटडाउन घेऊन, कपॅसिटर डिस्चार्ज करून मगच दार उघडायचं, हे आधी मालकाशी बोलून ठेवा. उत्साहात माणूस चुकतो.

मृण्मयी_पीक्यू
आणि मोजणी शटडाउनच्या आधी, लोड चालू असताना. माझ्याकडे पॉवर ॲनालायझर आहे, शनिवारी नाशिकला यायचंच आहे मला, घेऊन येते. सीटी (करंट मोजायचे क्लॅम्प) लावायचं काम तिथल्याच अधिकृत माणसाने करायचं. मीटर गाडीतून येणार आहे, गेटवर आत आणायची आणि परत न्यायची एंट्री आधी करून ठेवा, नाहीतर निघताना दोन तास तिथेच जातात.