फर्स्ट एमबीबीएस, मराठी मीडियम: व्हायवाला (तोंडी परीक्षेला) तोंडातून शब्दच फुटत नाही

गावाकडचा_भावी_डॉक्टर
नमस्कार सगळ्यांना. यावर्षी गव्हर्नमेंट कॉलेजला एमबीबीएसला नंबर लागला. दहावीपर्यंत जिल्हा परिषद आणि मग गावातलं हायस्कूल, सगळं मराठीतून. अकरावी बारावी इंग्लिशमधून होती पण क्लासचे सर मराठीतच समजावून सांगायचे आणि नीटमध्ये नुसते गोळे काळे करायचे असतात त्यामुळे कधी अडलं नाही. इथं ॲनाटॉमीचं लेक्चर कळतं, रूमवर वाचलं की पाठपण होतं, पण परवा अप्पर लिंबच्या (हाताच्या) पार्ट कम्प्लिशनला, म्हणजे तो भाग शिकवून झाल्यावरच्या व्हायवाला, मॅडमनी ह्युमरस (दंडाचं हाड) हातात दिला, म्हणाल्या साइड (डावं का उजवं) सांग आणि काय दिसतंय ते बोल, तर मला सगळं येत असून एक वाक्य जुळेना. शेजारची मुलगी घडाघडा बोलली. घरी काय सांगू कळत नाही, त्यांना वाटतं पोरगा डॉक्टर झालाच. इंग्लिश स्पीकिंगचा क्लास लावू का? का मध्य प्रदेशात हिंदीतून एमबीबीएस सुरू झालंय ती पुस्तकं मागवू? सिनियर लोकांनी प्लीज सांगा.

इंटर्न_ताई
अरे आधी शांत हो, पहिल्या पार्टला निम्म्या बॅचची हीच हालत असते, इंग्लिश मीडियमवाल्यांचीसुद्धा. स्पीकिंगच्या क्लासला वेळ आणि पैसे घालू नको, तिथं हॉटेलात ऑर्डर कशी द्यायची ते शिकवतील, त्याचा व्हायवात काय उपयोग. तुला वाचलेलं मोठ्यानं बोलायची सवय नाही एवढंच आहे. सिनियरकडून बोन सेट घेतलायस ना? रात्री जेवण झालं की रूममेटला समोर बसव आणि हाड हातात घेऊनच बोल. ह्युमरस असेल तर पहिल्यांदा साइड: गोल हेड वर आणि आतल्या बाजूला, थोडं मागे वळलेलं, लेसर ट्युबरकल (छोटा उंचवटा) पुढं, खालच्या टोकाला ओलेक्रॅनॉन फोसा (खड्डा) मागे. मग तिन्ही नर्व्ह बोट ठेवून दाखव, सर्जिकल नेकला (हेडच्या खालच्या निमुळत्या भागाला) ॲक्झिलरी, मागच्या ग्रूव्हमध्ये (खाचेत) रेडियल, मीडियल एपिकॉन्डाइलच्या (कोपराच्या आतल्या उंचवट्याच्या) मागे अल्नर. प्रत्येकाला एकेक छोटं वाक्य. "धिस इज द स्पायरल ग्रूव्ह. रेडियल नर्व्ह रन्स हिअर." एवढंच बोल, जास्त फुलवू नको. एक्झामिनरला तुझं व्याकरण नको असतं, बोट बरोबर जागी जातंय का ते बघायचं असतं.

आणि घरी खरं सांग. आईवडिलांना मार्क कळत नसतील पण पोराचा आवाज कळतो.

डीएच_टेबल_नंबर_३
ताईशी सहमत. त्या हिंदी पुस्तकांचं सांगतो, २०२२ मध्ये भोपाळला ॲनाटॉमी, फिजिओलॉजी, बायोकेमिस्ट्रीची आली, मी चाळलीत, त्यात टर्म इंग्लिशच ठेवल्यात, फक्त लिपी देवनागरी. आपल्याला नाशिकच्या विद्यापीठाचा पेपर इंग्लिशमध्येच लिहायचाय, मग मराठी पोरानं हिंदीतून वाचून परत इंग्लिशमध्ये लिहायचं हा उलटा प्रवास कशाला. समजून घ्यायला डोक्यात मराठी चालूच ठेव, मी अजूनही तसंच करतो, पण वहीत पहिल्यापासून इंग्लिशच. आणि आकृत्या काढ रे, ब्रॅकियल प्लेक्सस (हाताच्या नर्व्हचं जाळं) रोज एकदा कोऱ्या कागदावर. चांगली लेबल केलेली आकृती असली की दोन मोडकी वाक्यंपण चालून जातात.

गावाकडचा_भावी_डॉक्टर
थँक्यू ताई, दादा. अजून एक, डीएचमध्ये (डिसेक्शन हॉलमध्ये) आमच्या टेबलाला खूप गर्दी असते, पुढची मुलं डिसेक्शन करतात आणि मी मागून बघतो, फॉर्मलिननं डोळ्यातून पाणी येतं ते वेगळंच. तेवढ्यानं काही लक्षात राहत नाही.

ॲनाटॉमी_ट्युटर
मी डिपार्टमेंटलाच शिकवतो म्हणून स्पष्ट लिहितो. मागे उभं राहून ॲनाटॉमी येत नाही, कुणालाच नाही. उद्यापासून पाच मिनिटं आधी जा, ग्लोव्ह्ज घाल आणि फोरसेप हातात घे. टेबलावर आहेत ते कुणाचे तरी आजोबा किंवा आजी आहेत, घरच्यांनी मन घट्ट करून देह दिलाय, पहिल्या दिवशी आपण सगळ्यांनी शपथ घेतली ती त्यांच्यासाठीच. लाजून मागे राहण्यात त्यांचा मान नाही. स्वतःच्या हातानं एकदा ट्रायसेप्स (दंडाच्या मागचा स्नायू) बाजूला करून रेडियल नर्व्ह हाडाला चिकटून जाताना बघितलीस ना, की मग ह्युमरस मधोमध मोडल्यावर मनगट का गळून पडतं आणि तरी कोपर बऱ्याचदा सरळ का करता येतं हे पाठ करायला लागत नाही. ट्रायसेप्सकडे जाणाऱ्या नर्व्हच्या फांद्या बहुतेक वरच निघून गेलेल्या असतात, दिसतंच ते समोर.

व्हायवात अडलास तर गप्प बसू नको. "सर, मराठीत सांगू का" असं विचार, टर्म इंग्लिश आणि क्रियापद मराठी असं उत्तर आम्ही पार्ट कम्प्लिशनला रोज ऐकतो, कुणी मार्क कापत नाही. युनिव्हर्सिटीला बाहेरचे एक्झामिनर असतात, तोपर्यंत तुझी छोटी वाक्यं तयार होतील.

अटेंडन्स मात्र सोडू नको, थिअरीला ७५ आणि प्रॅक्टिकलला ८० टक्के लागतो. निराश होऊन रूमवर पडून राहणारी हुशार पोरं बघितलीत, त्यांचं नुकसान इंग्लिशपेक्षा या गैरहजेरीनं होतं.

इंटर्न_ताई
सरांनी लिहिलंय ते सोन्यासारखं आहे. मी एवढंच जोडते, सध्या माझी मेडिसिनला पोस्टिंग आहे, वॉर्डात आजी "धाप लागतीय, पायाला सूज चढलीय, रात्री उशाला दोन उशा घेऊन बसते" असं सांगते तेव्हा हिस्ट्री (आजाराची माहिती) सगळ्यात छान घेतो तो आमच्यातला झेडपीच्या शाळेतून आलेला मुलगा, पेशंट त्याच्याशी मोकळं बोलतात. तुझं हे बळ पुढं उपयोगी पडणार आहे. आत्ता लोअर लिंबला (पायाला) लाग, फीमर (मांडीचं हाड) आणि हिपबोन आजच रूमवर आण, आणि बायोकेमिस्ट्री शेवटच्या महिन्यावर ढकलू नको.